मोजणी

स्मशानातून आलो, अंघोळ केली,
कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवला होता त्याच्याजवळ बसलो,
आणि खिशातला फोन थरथरला:
तुम्ही नुकतीच भेट दिलेली जागा कशी वाटली?
पाच पोकळ तारे, भरायची वाट पाहत.
तुमच्या मतामुळे इतरांना मदत होईल.

कुमुद असती तर म्हणाली असती,
लाकडं ओली होती, तीनच द्या.

तेराव्यानंतर घणसोली गावात गेलो,
साडेबारा टक्क्यांतल्या इमारतीखाली
कुंदन भोईरचा गाळा, शटर अर्धं वर.
म्हटलं, मला कोणी बघणार नाही असा फोन दे.
“बटनांचा?”
नको. तिचे फोटो बघायचेत.
रविवारी नातवाचा चेहरा बघायचाय.
बघायचं मी. मला नाही.

त्यानं ड्रॉवर उपसून एक जुना फोन काढला,
पाठीची काच तडकलेली.
“रस्ते दोनच काका, दोन्ही टोलचे.
ही पायवाट. हिच्यावर दिवे नाय.
बँकेचं ॲप रुसंल. गेटचं चालनार नाय,
वॉचमनला सांगून ठेवा. आनि चुकलात
तर मना विचारा, दुसरा कोन नाय सांगनार.”

वायर लावली. काळ्या पडद्यावर
पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी निघाली.
चाळीस टक्क्यांवर अडली.
वेळ काढायला त्यानं विचारलं, नोकरी कुठं?
सिडकोत. ड्राफ्ट्समन. ब्याऐंशीपासून.
“मंग आमचं खाजण तुम्हीच काढलं असंल.”

काढलं म्हणजे रेखाटलं
की काढून घेतलं,
त्यानं नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ट्रेसिंग पेपर, पॉइंट तीनचं पेन,
अमोनियाच्या वासानं चुरचुरणारे डोळे.
सेक्टर सात, सेक्टर आठ, मधे नाला.
रेषेखाली बांध होता, उघाडी होती,
एक जांभूळही असावं. सूचीत त्याला खूण नव्हती
म्हणून ते नव्हतं.
माझी रेघ सरळ यायची, साहेब दुसऱ्यांना दाखवायचे.
एकदा साइटवर पाठवलं होतं, दुर्बिणीच्या तिकाटण्यासोबत,
तेव्हा बांधावरची म्हातारी पाणी घेऊन आली.
काय मोजतंस रं पोरा?
काही नाही आजी, म्हटलं,
नुसतं बघतोय.

तांब्या चांगला घासलेला होता. एवढं आठवतं.

“झाला,” कुंदन म्हणाला.
पैसे विचारले तर कॅल्क्युलेटर दाबून म्हणाला,
“तुमाला साडेबारा टक्के सोडतो.”
हसला नाही. मी हसणार होतो, थांबलो.
रोख दिले. त्यानं नोटा दोनदा मोजल्या.

आता भाजीवाली सुट्ट्यांसाठी कुरकुरते,
शेजारचे वैशंपायन म्हणतात, लपवण्यासारखं
तुमच्याकडे आहे तरी काय?
काही नाही हो. डायबेटिसच्या गोळ्या,
आणि दुपारी तीन वाजता
मी खाडीपर्यंत जाऊन येतो तेवढं.
परवा वाट चुकलो, सेक्टर नऊमधे,
मीच आखलेल्या वळणावर. दोन पोरांना विचारलं.
दोघांनी दोन दिशा दाखवल्या.

रोज सकाळी फोन चालू करतो
तर आधी इशारा येतो, पिवळ्या त्रिकोणात:
यात भरलेलं ओळखीचं नाही,
या फोनवर विश्वास ठेवू नका.
दहा सेकंद तसाच राहतो, मग उघडतो.

माझ्या नकाशांच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण असायचा,
प्रमाण, तारीख, माझी आद्याक्षरं.
अशी ओळ एकाही शीटवर नव्हती.

त्या दहा सेकंदांत मी चहाचं आधण ठेवतो.
एका कपाचं.
अजून माप चुकतं.